सोलापूरला वळसा

आमच्या हिच्या मामांइतकं सोलापूर कुणी पाहिलेलं नसेल, आणि तरीही वयाची साठी उलटेपर्यंत मामांनी सोलापुरात पाऊल ठेवलं नव्हतं. मामा मैंदर्गीकडचे मेंढपाळ. दिवाळी झाली की ते आणि मामी मेंढरं घेऊन चाऱ्यासाठी निघत आणि वाटेत सोलापूर आलं की त्याला वळसा घालून पुढं जात, कारण शहरात मेंढरं घेऊन शिरणाऱ्याचं स्वागत कसं होतं हे सांगायला नको. होटगीकडून येताना कुठला ओढा लागतो, कुठल्या माळावर नुसती कुसळं आहेत, कुणाच्या विहिरीचं पाणी मचूळ आहे, हे सगळं मामांना तोंडपाठ होतं. मधलं शहर म्हणजे त्यांच्या लेखी एक मोठी अडचण. संध्याकाळी लांबवर दिवे लागले की मामी दरवर्षी विचारत, "आत काय असंल वं?" आणि मामा दरवर्षी सांगत, "फुडल्या सालाला दावतो." असं चाळीस वर्षं चाललं.

मामांचा एक नियम होता. मेंढपाळानं पुढं चालायचं आणि मागं वळून बघायचं नाही. "मागं बगनाऱ्याच्या मागं मेंढरं येत न्हाईत," असं ते म्हणत. लग्नाच्या वरातीनंतर हाच नियम त्यांनी मामींना लावला तो कायमचा. मामा पुढं, मामी पंधरा पावलं मागं. मामींच्या जोडव्यांचा आवाज कानावर येतोय तोवर संसार ठीक चालला आहे, असा त्यांचा हिशोब. आम्ही सोलापुरात राहायला येण्याआधी, तालुक्याच्या गावी असताना, ते आमच्याकडे आले की मामांचं बसून, पाणी पिऊन, माझ्या तब्येतीची चौकशी करून व्हायचं, तरी मामी आपल्या जिन्यातच. आणि नावाचं तर विचारूच नका. बायकोनं नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही ही रीत सगळ्यांनाच ठाऊक आहे. मामा ती उलटीकडूनही पाळत. लग्नातला उखाणासुद्धा त्यांनी नावाच्या जागी खोकून पुरा केला होता, असं आमची ही सांगते.

गेल्या वर्षी मामींच्या पोटातलं दुखणं वाढलं आणि दोघं तपासणीसाठी पहिल्यांदाच आमच्याकडे सोलापुरात आली. दवाखान्याच्या खिडकीवर बाईंनी पेशंटचं नाव विचारलं. मामा म्हणाले, "ही." बाई म्हणाल्या, "ही म्हणजे कोण?" मामा म्हणाले, "ही की. ती काय, तितं हुबी हाय न्हवं." मागं रांग वाढत चालली. मामांनी माझ्याकडे पाहिलं, पण मला तरी त्यांचं नाव कुठं ठाऊक होतं? माझ्यासाठी त्या नुसत्या मामी. शेवटी पंधरा पावलांवरून मामींनीच सांगितलं, "शेवंता." मामा तेवढ्यात छताचा पंखा बघत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी मला आणि मामांना आत बोलावलं. फार दिवस राहिलेले नाहीत, असं ते शांतपणे म्हणाले. मामांनी एवढंच विचारलं, "आज चालंल का ती?" डॉक्टर म्हणाले, "आज चालतील." मामा बाहेर आले आणि बाकावर बसलेल्या मामींना म्हणाले, "ऊठ. डाक्तर म्हनला, सोलापूर बगून घ्या." मामींनी एकदा त्यांच्या तोंडाकडे नीट पाहिलं आणि काही न विचारता पदर सावरून उठल्या.

शहर कसं बघायचं हे मामांना कुणी शिकवलं नव्हतं, त्यामुळे त्यांनी ते माळासारखं बघितलं. भुईकोट किल्ल्यात शिरल्यावर त्यांनी बुरुजाकडे ढुंकूनही पाहिलं नाही, खाली वाकून गवत उपटलं, चावून पाहिलं आणि म्हणाले, "जावईबापू, दोनशे मेंढरं आठ दिवस हितं बसत्यात की. राजा शाना व्हता." मामी मागून हळूहळू, प्रत्येक दगडाला हात लावत येत होत्या. दुपारी नवी पेठेत आलो, आणि तिथं रिक्षांच्या हॉर्नमध्ये मामांच्या कानातला जोडव्यांचा आवाज हरवला. ते जागच्या जागी थांबले. पण नियम म्हणजे नियम. समोर बघतच मला म्हणाले, "जावईबापू, तुमी मागं बगा. ती हाय का?"

मी पाहिलं. मामी नव्हत्या. "नाव घेऊन हाक मारा, मामा," मी म्हणालो. मामांचे ओठ हलले, पण नाव काही निघेना. मग त्यांनी मान वर करून, चुकलेल्या मेंढराला घालतात ती लांबलचक हाळी घातली. अख्खी पेठ गप्प झाली. साड्या बघणाऱ्या बायका वळल्या, एका सोनारानं काट्यावरून मान वर काढली. आणि एका बांगड्यांच्या दुकानातून, एका हातात बांगड्या आणि दुसरा मोकळा, अशा मामी बाहेर आल्या.

"मी काय मेंढरू हाय व्हय?"

"न्हाय. पर आलीस की."

मामी तोंडाला पदर लावून इतक्या हसल्या की त्यांना दुकानाच्या पायरीवर बसावं लागलं. मी त्यांना तसं हसताना त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

संध्याकाळी सिद्धेश्वराच्या तळ्याकाठी बसलो. दिवे लागले. मामी पाण्याकडे पाहत म्हणाल्या, "चाळीस साल वळसा घातला, आन् आत यवढंच व्हतं व्हय?" मामा म्हणाले, "लई हाय अजून. उंद्या दावतो." दुसऱ्या दिवशी मामींना अंथरुणातून उठवेना.

दोन महिन्यांनी त्या त्याच दवाखान्यात वारल्या. दाखल्यासाठी मामा पुन्हा आले आणि मी त्यांना घेऊन कचेरीत गेलो. रांग पुढं सरकली. कारकुनानं वर न बघता मयताचं नाव विचारलं. मी सांगायला तोंड उघडलं, तर मामांनी माझ्या हातावर हात ठेवला.

"शेवंता," ते म्हणाले.

"मोठ्यानं बोला, आजोबा."

"शेवंता," मामा म्हणाले. या वेळी त्यांनी माळावर घालावी तशी हाक घातली. सगळी कचेरी बघायला लागली. आणि मग, जन्मात मागं न बघितलेला तो माणूस वळला आणि मागं बघत राहिला.

मागं रांगेतली माणसं होती. मी दाखला घेतला, त्यांचा हात धरला आणि आम्ही बाहेर आलो. रस्त्यावर मी सवयीनं थांबलो, मामा पुढं होतील म्हणून. ते हलले नाहीत.

"तुमी चाला फुडं," ते म्हणाले. "मी येतो मागनं."

स्टँडपर्यंत मी पुढं चाललो. मामांच्या पायात जोडवी नव्हती, म्हणून दर दहा पावलांनी मला वळून बघावं लागत होतं.