माझी चूक मी सांगेन

मृणालताईंच्या घरी संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. जर्मनीत, कायझर्सलाउटर्नमधल्या आम्ही झाडून साऱ्या मराठी बायका काठापदराच्या साड्या नेसून, वर स्वेटर चढवून बसलो होतो. तिळगूळ वाटता वाटता मृणालताई थांबल्या आणि माझ्याकडे बोट करून म्हणाल्या, "अगं, हिचा किस्सा ऐकलात का? हिच्या नवऱ्याच्या इन्स्टिट्यूटची पार्टी. प्रोफेसरांची ओळख करून दिली, हे आमचे शेफ. तर ही त्यांना म्हणते कशी, सूप फार छान झालंय, काय काय घातलंत?"

बायकांची हसून हसून पुरेवाट झाली. जर्मनमध्ये शेफ म्हणजे साहेब, हे तिथल्या पोरासोरांनाही ठाऊक. एकीने डोळे पुसले. दुसरी म्हणाली, "अय्या, खरंच?" माझी चार वर्षांची मुलगी मला जर्मनमध्ये विचारत होती, त्या का हसतायत. मीही हसले. हातात तिळगूळ होता, तो तोंडात टाकला.

किस्सा खरा होता. पण मृणालताईंना मी तो कधी सांगितलाच नव्हता. मी तो माझ्या वर्गात सांगितला होता. त्या एकदाच तिथे येऊन मागे बसल्या होत्या, "बघू तरी तू काय शिकवतेस," म्हणून.

आमच्या भागातल्या कम्युनिटी सेंटरमध्ये दर शनिवारी सकाळी माझा इंग्रजीचा वर्ग असायचा. येणारी मंडळी पेरूची, कोलंबियाची, स्पेनची. सगळ्यांची भाषा स्पॅनिश. कोणी विद्यापीठात शिकणारे, कोणी त्यांच्या बायका. त्यांचा घोळ एकच. इंग्रजी शब्द त्यांच्या स्पॅनिश शब्दासारखा दिसायचा, आणि अर्थ भलताच निघायचा. पेरूची पिलार गरोदर होती. डॉक्टरीणबाईंना ती सांगत राहिली, आय ॲम एम्बॅरस्ड. स्पॅनिशमध्ये तसाच दिसणारा शब्द गरोदर बाईला म्हणतात. डॉक्टरीणबाई बिचाऱ्या पडदा ओढत राहिल्या, लाजू नका म्हणाल्या. दिएगोने ऑफिसात कार्पेट मागितलं. त्याला हवी होती फाईल.

माझ्या वर्गाची एक रीत होती. आधी प्रत्येकाने उभं राहून आपली सगळ्यात लाजिरवाणी चूक सांगायची. बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या. मग तो शब्द शिकायचा. पहिल्या दिवशी कोणी उठेना, म्हणून मीच उठले आणि माझ्या शेफची गोष्ट सांगितली. पिलार पोट धरून हसली आणि लगेच स्वतःची सांगायला उभी राहिली. ते हसणं मला कधी टोचलं नाही. आम्ही सगळेच त्या चिखलातून चाललो होतो.

आणि मृणालताई? खोटं कशाला बोलू, मी त्यांच्यावर जळायचे. पुण्याच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्या. वडील मोठे अधिकारी, आजोबासुद्धा इंग्रजी पेपर वाचणारे. इंग्रजी त्यांच्या तोंडून असं यायचं, जसं आपण पाणी मागतो. मी पाचवीत एबीसीडी गिरवली. माझी आई माझ्याच शाळेत झाडलोट करायची, बाक ओळीत लावायची. त्यातल्या पहिल्या बाकावर हेडमास्तरांची मुलगी बसायची. मी शेवटच्या. पुढे मी इंग्रजीत एमए केलं, पण इथे आल्यावर दात घासताना आरशात मृणालताईंसारखे ओठ करून बघायचे. काय मेली ती हौस!

पहिल्या भेटीत त्यांनी विचारलं होतं, "आडनाव काय म्हणालात?" मी सांगितलं. "नाही, म्हणजे मूळचे कुठले? त्यावरून काही कळत नाही हो." काय कळायला हवं होतं ते मला बरोबर कळलं. त्या दिवसापासून मी सगळीकडे नुसतं पहिलं नाव लिहायला लागले. वर्गाच्या दारावरही.

हळदीकुंकवानंतरच्या आठवड्यात सेंटर चालवणाऱ्या फ्राऊ क्लाइन यांनी मला बोलावलं. मृणालताई त्यांना भेटून गेल्या होत्या. पुढच्या सत्रापासून वर्ग त्या घेणार. त्यांचं इंग्रजी फार सुंदर आहे ना! मी मदतनीस म्हणून राहावं. मी म्हणाले, "जा, जा." जर्मनमध्ये जा म्हणजे हो. एवढंच सुचलं. बाहेर आल्यावर बसचीही वाट न बघता चालत घरी गेले.

नवरा म्हणाला, "जाऊ दे ना. चार मराठी घरं आहेत इथे. उगाच वैर कशाला?" मृणालताईंचा फोन आला, "अगं, तुलाच मदत होईल. तुझे उच्चार सुधारतील." मी "हो ताई" म्हणाले. फोन ठेवला आणि भांडी इतकी आपटली की मुलगी रडायला लागली.

नव्या सत्राचा पहिला शनिवार आला. जुनी मंडळी होती, तेवढीच नवीन होती. मृणालताई फळ्यासमोर उभ्या राहिल्या. मला मराठीत म्हणाल्या, "तू तेवढ्या खुर्च्या लावून घे ना, मी सुरू करते." मी लावायला लागले. हात आपोआप चालले. आई लावायची तशाच, ओळीत.

आणि मृणालताईंनी इंग्रजीत सुरुवात केली, "माझी असिस्टंट एकदा काय म्हणाली, सांगते." शेफ. सूप. नवीन लोक खदखदून हसले. माझ्याकडे वळून वळून हसले. पिलार मान खाली घालून बसली. टाळी कोणीच वाजवली नाही.

एक खुर्ची माझ्या हातात होती. ती मी वर्गाच्या मधोमध ठेवली. आदळली म्हणा हवं तर.

"ही चूक माझी आहे," मी मराठीत म्हणाले. "ती मी सांगेन. तुम्ही सांगायची नाही."

"अगं, गंमत केली! इतकी का जळतेस माझ्यावर?"

"जळतेच. तुम्हाला सगळं आयतं मिळालं, म्हणून जळते. एवढं असून माझा एक वर्ग होता तोही घेतलात, म्हणून जळते. तुमची एक चूक सांगा की यांना. आहे का एखादी? उरलेल्या खुर्च्या तुम्ही लावा."

मी कोट घेतला आणि निघाले. मागून कोणी आलं नाही. पिलारसुद्धा नाही. तिने फी भरली होती, तिचं तरी काय चुकलं?

आता मराठी मंडळात मला बोलावत नाहीत. फटकळ आहे म्हणतात, मनातून जळकी आहे म्हणतात. आहेच. लहानपणापासून ऐकत आले, दुसऱ्याचं बघून जळू नये. हे सांगणारे कायम पहिल्या बाकावरचे. मी जळले नसते तर आजही तिथे खुर्च्याच लावत असते.

चर्चच्या हॉलमागची एक खोली मी मागून घेतली आहे. वार शनिवारच, वेळही तीच. दारावर कागद चिकटवला आहे, स्पॅनिश बोलणाऱ्यांसाठी इंग्रजी. खाली माझं नाव, आडनावासकट, लांबून वाचता येईल एवढ्या अक्षरात. मृणालताईंनी येता-जाता वाचावं आणि काय कळायचं ते कळून घ्यावं. खुर्च्या मी गोल मांडल्या आहेत. येणारा जाताना आपली खुर्ची आपण उचलून ठेवेल. आणि कोणीच आलं नाही, तरी शनिवारी दार मी उघडणार आहे.