कूलरमागची भेदरं

वांग्याच्या झाडांना मी पंचामृत पाजलं आणि मारून टाकलं.

झालं असं, की बायको टायफॉइडमधून उठली, पण तोंडाची गेलेली चव काही परत येईना. वरणभात द्या, मुगाची खिचडी द्या, एक घास घ्यायची आणि ताट सारायची. "सगळं मातीवानी लागते," एवढंच म्हणायची. पोटात अन्न गेलं नाही तर पुन्हा भरती करावं लागेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. दवाखान्याच्या बाकावर बसून माझी कंबर आधीच कामातून गेलेली. त्यात स्वयंपाक, धुणं, औषधं, आणि डोळ्यांसमोर ती वाळत चाललेली. थकलेला माणूस देवाशी फार लवकर सौदे करायला लागतो. मीही केला.

धरमपेठेतल्या आमच्या गच्चीवर तिनं आजारी पडण्याआधी कुंड्यांत वांग्याची रोपं लावली होती. ही जगली तर ती जेवेल, असं मी परस्पर ठरवून टाकलं. रोज बाळकृष्णाला अभिषेक करायचा आणि एरवी तुळशीत जाणारं ते तीर्थ वांग्यांना घालायचं. देव लवकर पावावा म्हणून मधासाखरेचा हात जरा सैलच ठेवला. माती आंबली. मुंगळ्यांची रांग लागली. शेजारचे काका भिंतीवरून म्हणाले, "काहून गा, झाडायले पंगत देऊन राहिला का? तुये मुंगळे माह्या घरात येऊन राहिले." मी त्यांना श्रद्धेवर चार शब्द ऐकवले. ते ऐकूनच की काय, वांग्यांनी माना टाकल्या.

मेलेली रोपं उपटली त्या सकाळी मी बादली उपडी करून तिच्यावर बसलो. "देवा, माझ्याच्यानं आता होत नाही. तुला काय करायचं ते कर," असं म्हणालो. त्यात भक्ती वगैरे नव्हती, नुसता शीण होता. मग ती आंबलेली माती लपवायला उन्हाळ्यापासून कोपऱ्यात पडलेल्या कूलरच्या मागं गेलो, तर तिथं त्याच्या काढून टाकलेल्या ताट्यांच्या कुजलेल्या गवतात गावरान टमाटरचं झाड पसरलेलं. आमच्याकडे त्याला भेदरं म्हणतात. बोराएवढी, लाल, घोसानं लागलेली. कुणी लावलं नव्हतं, आणि मी तिकडं फिरकलो नव्हतो हे त्याचं नशीब. एखाद्या चिमणीनं बी टाकलं असेल, मी वाद घालत नाही. तोडताना हाताला पानांचा तो उग्र हिरवा वास लागला आणि कितीतरी दिवसांनी मलाच भूक लागली, एवढं मात्र खरं.

खाली आलो. पाणी द्यायला गेलो तर बायकोनं माझा हात धरून नाकाशी नेला. "भेदरं कुठं भेटले?" तिनं विचारलं. आजारपणात पहिल्यांदाच तिनं स्वतःहून काही विचारलं होतं. मी चटणीसाठी भेदरं भाजली, भिवापुरी मिरची अर्धीच घातली, सांबार, म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर, चिरला, नकाशासारखी भाकर थापली आणि ताट तिच्यापुढे ठेवून दिलं. तिनं एक घास घेतला. मग दुसरा. पुढचं बघायची माझी हिंमत होईना, म्हणून तिथंच डोळे मिटून हात जोडले. मी केलं ते सगळं आंबलं आणि मी न केलेलं पिकलं. देणारा देतच होता, मीच मधेमधे करत होतो. आता डोळ्यांतून पाणी येणार, एवढ्यात समोरून आवाज आला.

"डोये मिटून काय बसले? चटणीत मीठच नाही टाकलं. येवढ्या दिवसांत काहीच नाही शिकले तुमी."