रावबहादुरांचे पितळी बिल्ले

दुखानची ती घटना माझ्या मनातून कधी गेली नाही. गेल्या महिन्यात पुण्यात एका घरी समाचाराला गेलो होतो. तिथे एका साध्या प्रश्नाचे उत्तर देताना ती पुन्हा पहिल्यापासून उभी राहिली, म्हणून लिहून ठेवतो आहे. नावे कोणाचीच देत नाही.

राज्य पोलीस खात्यातून मुदतीआधी निवृत्ती घेऊन मी कतारला गेलो, तेव्हा सत्तरचे दशक सरत आले होते. पश्चिम किनाऱ्यावर दुखानला तेलक्षेत्राची वसाहत होती. तिथे मला सुरक्षा अधिकाऱ्याची नोकरी मिळाली. बैठ्या घरांच्या एकसारख्या रांगा, पाणी घालून जगवलेली कण्हेर आणि पलीकडे उथळ, हिरवट समुद्र. गुन्हे म्हणावेत असे फार नव्हते. गेटपास, हरवलेल्या किल्ल्या, भरधाव गाड्या. तरी सकाळी चौकी उघडली की मी स्टेशन डायरीत लिहावी तशी नोंद करत असे. जुनी सवय.

एका वर्षी दसऱ्याच्या सकाळी वसाहतीतले एक इंजिनियर चौकीत आले. मोठ्या घरचा, मितभाषी माणूस. आम्हा दोघांनाही वाचनाची आवड, म्हणून पुस्तकांची देवाणघेवाण चाले. मी त्यांना रावसाहेब म्हणत असे.

"इन्स्पेक्टर, घरात चोरी झाली," ते म्हणाले. "आजोबांचा बिल्ला गेला."

त्यांचे आजोबा मला ऐकून माहीत होते. फौजदार म्हणून माझी पहिली नेमणूक पूर्व विदर्भातल्या मँगेनीजच्या पट्ट्यात झाली होती आणि तिथे त्या माणसाचे नाव घेतल्याशिवाय कोणाचे बोलणे संपत नसे. तरुणपणी तो एका गोऱ्या ठेकेदाराकडे बैलगाड्यांचा मुकादम होता. काळा दगड कुठल्या टेकडीत आहे हे गाडीवानांकडून शिकला आणि टेकडीच आपल्या नावावर करून घेतली. पहिल्या महायुद्धात पोलादासाठी मँगेनीजला भाव आला, तसा तो मालदार झाला. सरकारने रावबहादूर केले. त्याने दवाखाना काढला, मुलींची शाळा काढली, खाणीपर्यंत रेल्वेचा फाटा आणवला. मी तिथे गेलो तेव्हा तो हयात नव्हता, पण बाजारचौकात त्याचा अर्धपुतळा होता. म्हातारी माणसे त्यापुढून जाताना चपला काढत. काही जण मात्र रस्ता बदलत. ते का, हे मला दुखानला कळले.

मी रावसाहेबांच्या घरी जाऊन रीतसर पंचनामा केला. मराठीत लिहिलेला तो कागद तिथे कोणी वाचणार नव्हते, पण त्याशिवाय मला सुचत नसे. हॉलमध्ये रावबहादुरांचा फोटो, त्याला हार. खाली मखमलीचा ट्रे आणि त्यात पितळी बिल्ल्यांच्या रांगा. जुन्या काळी खाणीतला प्रत्येक मजूर असा बिल्ला बाळगायचा. दरवर्षी खंडेनवमीला रावसाहेब हे बिल्ले हत्यारे म्हणून पूजेत मांडत आणि वसाहतीतली मराठी घरे प्रसादाला बोलावत. आदल्या दिवशी तेच झाले होते. आता एका रांगेत एक खाच रिकामी होती. शेजारी आजोबांचे सोन्याच्या साखळीचे घड्याळ जागच्या जागी होते.

घड्याळ सोडून बिल्ला नेणारा चोर विकण्यासाठी चोरी करत नाही, एवढे तेव्हाच स्पष्ट झाले.

आमच्या विभागाचे प्रमुख कतारी होते. त्यांना सगळे मुदीर म्हणत. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, "शनिवारपर्यंत तुझ्याकडे. त्यानंतर दोह्याचे पोलीस. खलास." दोह्याचे पोलीस म्हणजे ज्याच्यावर संशय तो आधी कोठडीत, मग विमानात, आणि व्हिसा कायमचा रद्द. त्या माणसाच्या घरची चूल त्या दिवशी विझणार.

खबर दिली ती टपाल खिडकीवरच्या वसईच्या कारकुनाने. ख्रिस्ती गृहस्थ, सगळ्या वसाहतीची खबर ठेवणारे.

"चोर कोण ते मला ठाऊक नाही, साहेब. पण एक गंमत सांगू? तो भंडाऱ्याचा ड्रायव्हर आहे ना, त्याने टक्कल केलंय."

"उकाडा आहे."

"उकाड्याने मिशी पण काढतात काय? आमच्यात नाही, पण तुमच्यात हे कधी करतात ते मला माहीत आहे. आणि तार आली तर माझ्या हातून जाते. त्याला तार नाही, पत्र नाही. मग गेलं कोण?"

ड्रायव्हर खंडेनवमीला दोह्याहून फुले आणि मिठाई घेऊन रावसाहेबांकडे गेला होता. आपल्या भागातला म्हणून वहिनींनी त्याला आरतीला थांबवून घेतले होते. मी त्याला चौकीत बोलावले. चाळिशीचा, सडपातळ माणूस. डोक्यावर टोपी. मी चहा मागवला आणि चोरीचे काहीच विचारले नाही. माणूस उत्तराची तयारी करून आलेला असतो, तेव्हा भलताच प्रश्न विचारावा.

"कोण गेलं रे तुझं?"

"बाप."

"कधी?"

"मी पायन्यात होतो तवा."

पाळण्यात असताना बाप गेलेल्या मुलाने चाळीस वर्षांनी मुंडण का करावे? तो उठला. "चला साहेब. तुमी पेटी पाहानच."

त्याच्या खोलीवरच्या पेटीत पंच्यात गुंडाळलेला एक जुना पितळी लोटा होता. बिल्ला लोट्यात होता. दोन्ही वस्तू त्याने माझ्या हातात दिल्या आणि अंगठ्याने जागा दाखवली. लोट्याच्या काठाखाली बैलाची दोन शिंगे कोरलेली होती. बिल्ल्याच्या मागेही तीच शिंगे, त्याच हाताची.

"माह्या बापाले वाचता येत नोयतं. म्हून आपल्या भांड्यावर अन् बिल्ल्यावर शिंगं कोरे. खाली उतरताना बिल्ला खिय्याले टांगाचा, वर आला का काढून घ्याचा. खाण बसली त्या दिवशी मालकाच्या माणसायनं सांगतलं, खिये रिकामे होते, तुमची माणसं कामावर आलीच नाही. पयाली असन. गाव म्हणे, यानं रायपूरले दुसरी केली. माही माय अजून कुंकू लावते, साहेब. लोक हासतात तिले."

"मग मागून का नाही घेतलास?"

"कोनाले मागू? वर त्यायच्या आज्याचा फोटो, हार घालेला. हा माह्या बापाचा म्हटलं असतं, तर प्रसाद बी परत घेतला असता." मग तो म्हणाला, "आरतीत सारे डोये मिटून होते. तवा उचलला."

कबुली मिळाली होती, मुद्देमालही. कागदावर तपास पूर्ण होता. पण रिकाम्या सांगितलेल्या खिळ्यांवरचा बिल्ला मालकाच्या घरात कसा आला, याचे उत्तर उरले होते. संध्याकाळी मी रावसाहेबांकडे गेलो आणि सहज विचारल्यासारखे विचारले.

"तुमचे आजोबाही खंडेनवमीलाच हे काढायचे का?"

"नाही ना. तीच तर गंमत. ते सर्वपित्रीला काढायचे. आजी चिडायची, अमावास्येला कसली हत्यारं पुजता म्हणून. त्या दिवशी ते यांच्यापुढे पान वाढायचे, आणि स्वतः दिवसभर पाणीसुद्धा घ्यायचे नाहीत. आम्ही समजायचो, म्हातारपणी घोळ होतोय. पुढे मी ती पूजा खंडेनवमीला आणली. तेच बरोबर, नाही का?"

"हत्यारांना कोणी पान वाढत नाही, रावसाहेब," मी म्हणालो.

ते ट्रेकडे बघत राहिले. मग खाली बसले.

दुसऱ्या दिवशी चौकीत टेबलावर लोटा, बिल्ला आणि मखमलीचा ट्रे होता. दोन्ही बाजूंना ते दोघे. रावसाहेब किती तरी वेळ शिंगांवरून बोट फिरवत होते. शेवटी म्हणाले, "आजोबांनी दवाखाना बांधला होता. मी लहानपणी पाहिलंय, रात्रंदिवस उघडा असायचा."

"हो साहेब," ड्रायव्हर म्हणाला. "म्या तिथंच जलमलो."

त्यात टोमणा नव्हता. म्हणूनच बहुधा रावसाहेबांना ते सोसवले नाही. त्यांनी बिल्ला लोट्यात टाकला आणि लोटा त्याच्यापुढे सरकवला.

"तक्रार मागे घेतो, इन्स्पेक्टर."

वस्तू मालकाला मिळाली, एवढेच मी नोंदीत लिहिले. ते खोटे नव्हते. मुदीरांनी वाचले, म्हणाले, "अलहम्दुलिल्ला. खलास."

पुढच्या सुट्टीत ते दोघे एकाच विमानाने गेले. परत आल्यावर मी ड्रायव्हरला विचारले, आई काय म्हणाली.

"काई नाही. कपायाचं कुंकू बोटानं काढलं अन् बिल्ल्याले लावलं. मंग पुन्यांदा सोताले लावलं नाही."

रावसाहेब त्या सुट्टीत बाकीचे बिल्ले दाखवत, विचारत गावोगाव हिंडले. ज्यांची घरे सापडली त्यांना बिल्ले पोचवले. खाणीत गाडल्या गेलेल्या त्या माणसांची नावे पुतळ्याखाली कोरावीत असे त्यांनी सुचवले, तेव्हा चुलतभावांनी त्यांच्याशी बोलणे टाकले. ते नुकसान त्यांनी मुकाट्याने सोसले. आमची मैत्री त्यानंतर टिकली ती शेवटपर्यंत.

वस्तू कोणी नेली ते शोधायला मला खात्याने शिकवले होते. ती त्या घरात मुळात आली कशी, हा प्रश्न कोणत्याच रकान्यात नसे. दुखाननंतर मी तो आधी विचारू लागलो. रावबहादुरांविषयी मात्र अजून माझे मत ठरत नाही. दर सर्वपित्रीला उपाशी राहणाऱ्या माणसाला काही वाटत नव्हते, असे कसे म्हणू? पण त्या घरांपर्यंत एक माणूस पाठवणे उपासापेक्षा सोपे होते, आणि ते त्यांनी कधी केले नाही.

गेल्या महिन्यात रावसाहेब गेले. समाचाराला गेलो तेव्हा त्यांची मुलगी मला देवघरात घेऊन गेली. ती दुखानला इंग्रजी शाळेत शिकलेली, मराठी जपून बोलते. ट्रेमध्ये आता थोडेच बिल्ले उरले आहेत, ज्यांची घरे कधी सापडली नाहीत त्यांचे.

"काका, बाबा हे कधी काढायचे? दसऱ्याला, राइट?"

"नाही बेटा," मी म्हणालो. "नंतर सर्वपित्रीला काढू लागले. पान वाढायचं."

"व्हाय?"

मी तिला शेजारी बसवले आणि पहिल्यापासून सांगायला लागलो.