सतराच्या पानावर दोनच शेजारी

पाणीखात्यात तिला सगळे भिंगरी म्हणत. खुर्चीला बूड टेकेल तर शपथ! प्रोग्रॅम लिहिणारी माणसं म्हणे तासन्‌तास बसून असतात. ही दर दहा मिनिटांनी उठणार, पाणी पिणार, खिडकीतून रस्ता बघणार आणि परत येऊन लिहिलेल्या दोन ओळी खोडणार. आज तर कहर होता. आज तिचा प्रोग्रॅम पहिल्यांदाच खऱ्या कामाला लागला होता, आणि त्याच्या कागदावर विसंबून खड्ड्यात उतरणारा फिटर तिचा बाप होता.

काम सांगायला सोपं. जमिनीखाली दोन हजार चेंबर, प्रत्येकात व्हॉल्व्ह. पाइप फुटला की शेजारचे कुठले व्हॉल्व्ह बंद करायचे ते प्रोग्रॅमने सांगायचं. त्यासाठी कोण कोणाला जोडलंय हे कॉम्प्युटरला कळायला हवं. आधी तिने मोठा चौकोनी तक्ता केला: आडवे दोन हजार, उभे दोन हजार, पाइप असेल तिथे एक, नसेल तिथे शून्य. चाळीस लाख घरं आणि बघावं तिकडे शून्यच.

"एवढी शून्यं काय लोणच्याला घालायचीत?" बाबा म्हणाले आणि आपली वही तिच्यापुढे टाकली. एकेका चेंबरला एकेक पान, पानावर शेजाऱ्यांचे नंबर. पस्तीस वर्षांच्या फेऱ्या होत्या त्यात. तिला यादी पटली. पानन् पान तिने उतरवून घेतलं.

सकाळी सतरा नंबरच्या चेंबरमध्ये पाइप फुटला. प्रोग्रॅम म्हणाला, बारा आणि चाळीस बंद करा. बाबांनी कागद नीट वाचला, खिशात घातला आणि गेले.

तेव्हापासून तिचा जीव टांगणीला. हाताला काहीतरी चाळा हवा म्हणून तिने यादीवरून सतराच्या आसपासच्या पाच चेंबरचा छोटा तक्ता कागदावर काढला आणि समोरच्या कोपऱ्याला कोपरा लावून तिरका दुमडला. अशा तक्त्याचे दोन्ही अर्धे भाग जुळलेच पाहिजेत. सतरातून बाराला पाइप जातो, तर बारातून सतराला जाणारच ना! उजेडात धरून बघितलं, तर एकही खूण दुसरीवर बसेना.

तिने यादी पुन्हा चाळली आणि कळलं. बाबा फेरीत जे चेंबर आधी लागेल, त्याच्याच पानावर जोड लिहीत. दुसऱ्या पानावर तोच जोड पुन्हा लिहायचा म्हणजे त्यांना शाई फुकट घालवल्यासारखं वाटे. तिने चाचणीला घेतलेली पानं तिची स्वतःची होती, प्रत्येक जोड दोन्ही चेंबरच्या पानांवर लिहिलेली, म्हणून सगळं बिनचूक निघालं होतं. एकतीसच्या पानावर सतरा होता. सतराच्या पानावर एकतीस नव्हता. म्हणजे तिसऱ्या बाजूने पाणी येणार होतं, आणि खाली बाबा होते.

बाबांचा फोन वाजून वाजून बंद झाला. तिने स्कूटर काढली. वाटेत प्रत्येक सिग्नलला ती मेली आणि प्रत्येक सिग्नलला तिने स्वतःला शिव्या घातल्या.

खड्ड्यात बाबा गुडघ्यावर बसून नट आवळत होते. काठावर पाणीखात्याचे साहेब छत्री धरून उभे.

"बाबा, वर या. एकतीस उघडा आहे."

"बंद आहे," बाबा मान वर न करता म्हणाले. "येतानाच केला."

तिचा जीव भांड्यात पडला. पण घटकाभरच.

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं? कागद वाचला तेव्हाच?"

बाबा शिडीवरून वर आले आणि हळूच म्हणाले, "अगं, तुझा पहिला दिवस. साहेबांसमोर कशाला तुझं नाक कापायचं?"

"पुढच्या महिन्यात तुम्ही रिटायर होताय. मग जो उतरेल त्याच्या डोक्यात एकतीस नसणार. त्याच्या हातात फक्त माझा कागद असणार, बाबा."

बाबा चिखलाचे हात उगाच पुन्हा पुन्हा पुसत राहिले.

ती साहेबांकडे वळली. "साहेब, कागद चुकलाय. मी प्रत्येक पाइप एकाच बाजूने भरलाय. सगळी यादी परत तपासेपर्यंत कोणालाही या कागदावर खाली सोडू नका. चूक माझी आहे."

साहेबांनी छत्री मिटली. ते काही बोलणार, तेवढ्यात बाबा पुढे झाले.

"तिची एकटीची नाही, साहेब," ते म्हणाले. "मला सकाळपासून माहीत होतं."