दत्तारामचं काळीज, सहदेवचा आलेख

दत्ताराम तांडेलचा हात आधी चालायचा आणि तोंड मागून. देवबागात त्याचा मार न खाल्लेला माणूस शोधायला खाडीपलीकडे जावं लागेल. सगळ्यात जास्त मार खाल्ला तो पाठच्या भावाने, सहदेवने. सहदेवच्या लग्नाच्या आदल्या दिवशी त्याचा पुढचा दात पडला. तो कुणी पाडला हे विचारायची कुणाला गरजच पडली नाही. फोटोत नवरा तोंड मिटून बसलाय. मी त्यांची शेजारीण, सुगंधा. पर्यटकांना खोल्या देते. भिंतीपलीकडची आदळआपट ऐकून पाहुणे घाबरले की सांगते, "भावाभावांचं प्रेम उतू जातंय, जेवा तुम्ही."

पण हाताची दुसरी बाजूही सांगायला हवी. रापण म्हणजे गावाने मिळून दोरांनी किनाऱ्यावर ओढायचं मोठं जाळं. ती ओढायचा आमचा जुना नियम आहे: वाटा माणसाला नाही, घराला. कुणी आजारी पडला तर त्याच्या जागी भाऊ दोराला उभा राहतो, वाटा घरी येतो, आणि कुणी नाक मुरडत नाही. सहदेवला कावीळ झाली तेव्हा दत्ताराम आपली ओढ संपवून पुढच्या ओढीला त्याच्या नावाने उभा राहायचा. तळहात सोलून घरी यायचा, सहदेवला स्वतः पेज पाजायचा, आणि पेज सांडली म्हणून वर एक थोबाडीत द्यायचा.

मग दत्तारामलाच रक्ताचा कॅन्सर झाला. जुन्या गोळ्या लागू पडेनात, तेव्हा गोव्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टर किशोरींनी नव्या औषधाचं सुचवलं. ते अजून बाजारात आलं नव्हतं. थोड्या रोग्यांना देऊन पारख चालली होती. गाडी माझी, म्हणून मी सोबत होते. डॉक्टर म्हणाल्या, "औषध जोरकस आहे. पण एका ठोक्यानंतर दुसऱ्यासाठी सज्ज व्हायला काळीज जो वेळ घेतं, तो या औषधाने लांबू शकतो. फार लांबला तर ठोके बेताल होतात आणि माणूस उभ्याउभ्या कोसळतो. म्हणून दर खेपेला काळजाचा आलेख काढायचा. चक्कर आली तर लपवायची नाही."

"माझ्या काळजाक काय धाड भरली?" दत्ताराम बाहेर आल्यावर म्हणाला.

गोळ्यांनी गुण दिला. अंगावर मांस आलं, अंगात रग आली, आणि सहदेवच्या पाठीवर पुन्हा वळ उठले. लक्ष्मी, दत्तारामची बायको, वळांकडे बघून खूश व्हायची. नवरा बरा होतोय याची तिला तीच खूण. पुढच्या खेपेला मात्र आलेख पाहून डॉक्टरांच्या कपाळावर आठी पडली. "थोडं लांबलंय. आणखी वाढलं तर गोळी थांबवावी लागेल," त्या म्हणाल्या. परतीच्या वाटेवर गाडीत दत्तारामला पहिल्यांदाच घाबरलेलं पाहिलं मी. गोळी थांबली की आपण संपलो, एवढंच त्याच्या डोक्यात बसलं होतं. त्या आठवड्यात त्याला दोनदा भोवळ आली. दोन्ही वेळा त्याने लक्ष्मीला दम दिला, "कोणाक सांगलस तर कान कापीन."

पुढच्या खेपेला त्याने आमच्याकडच्या माणसालाच सुचेल असं केलं. रक्त खालच्या खोलीत घेतात, आलेख वरच्या. रक्त स्वतःचं दिलं आणि आलेख काढायचा आपल्या नावाचा कागद सहदेवच्या हातात कोंबला. दोघांचा चेहरा एकाच साच्यातला, आणि आलेख काढणारी माणसं दर वेळी वेगळी.

"दादा, ह्या बरा नाय," सहदेव म्हणाला.

दत्तारामने त्याची मानगूट धरून त्याला जिन्याच्या भिंतीवर आपटलं. "तुझ्या काविळीत दोरार कोण रवललो? आता माझ्या दोरार तू रव!"

हे मला पुढे सहदेवने सांगितलं. त्याने शर्ट काढला, उताणा झोपला, आणि छातीला तारा चिकटवून घेतल्या. त्याला ती फसवणूक वाटलीच नाही. दोराला भावाच्या जागी भाऊ उभा, एवढाच हिशेब. डॉक्टर खूश झाल्या. त्याच्या पुढच्या खेपेलाही आलेख तसाच सुरेख आला, तेव्हा त्या म्हणाल्या, "काळीज छान सोसतंय. डोस वाढवूया." दत्तारामने परत येताना सगळ्यांना सोलकढी पाजली.

मग तो दिवस. बाहेरचा एक ट्रॉलर किनाऱ्याला चिकटून आला आणि आमच्या लोकांनी पसरलेली रापण त्याने उभी फाडली. होड्या घालून लोकांनी त्याला गाठलं आणि खलाशांना पुळणीच्या वाळूवर ओढून आणलं. एकाचं डोकं दगडाने फुटलं, एकाचा हात वल्ह्याच्या फटक्यासरशी मोडला. तो आवाज मी माझ्या पडवीत ऐकला. मी धावत गेले तेव्हा दत्ताराम गुडघाभर पाण्यात, समोर एक खलाशी हात जोडून बसलेला, आणि दत्तारामने दोन्ही हातांनी डोक्यावर उगारलेलं वल्हं. ते खाली आलं असतं तर तो खलाशी मेलाच असता. वल्हं मागे गळून पडलं आणि दत्ताराम त्या खलाशाच्या अंगावर कोसळला.

सहदेव वॉटर स्पोर्ट्सच्या बोटीवर कामाला. परवान्यासाठी त्यांना रबराच्या बाहुल्यावर छाती दाबायला शिकवलेलं. त्याने भावाला वाळूवर उताणं टाकलं आणि दोन्ही हातांनी छातीवर घाव घालू लागला. हो, घावच. कडकन बरगडी मोडली. सहदेव रडत होता, शिव्या देत होता, आणि थांबत नव्हता.

"मारता गो, भावाक मारता ह्यो!" लक्ष्मी किंचाळली. इतक्या वर्षांच्या माराचं उट्टं काढतोय असंच तिला वाटलं. तिने सहदेवचे केस धरले, पाठीत लाथा घातल्या, कानाला चावली. रक्त त्याच्या मानेवरून ओघळलं तरी त्याचे हात चालूच. शेवटी मीच तिच्या मुस्कटात भडकावली आणि तिला वाळूत दाबून धरलं. मला त्याचा अजिबात पश्चात्ताप नाही.

दुसरी बरगडी मोडली तेव्हा दत्ताराम खोकला.

गोव्यात तो शुद्धीवर आला. डॉक्टर किशोरी हातात जुने आलेख घेऊन उभ्या. "शेवटचे दोन्ही आलेख निर्दोष, मग हे झालं कसं?" दत्तारामने सहदेवकडे रोखून पाहिलं. बोललास तर गोळी गेली, आणि गोळीबरोबर मी, असं ती नजर सांगत होती.

"ते आलेख माझे आहेत, बाई," सहदेव म्हणाला. "दादाचे नाहीत."

डॉक्टर खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "तुमच्या काळजावर विसंबून मी इतरांचा डोस ठरवत होते. वेंगुर्ल्याची एक बाई हेच औषध घेते. तिची दोन पोरं आहेत. सोमवारी तिचा डोस वाढवणार होते." एवढं बोलून त्या फोन करायला उठल्या.

दत्तारामचा हात उठला. सहदेव नेहमी त्या हाताला पाहून मान खाली घालायचा. त्या दिवशी घातली नाही. हात अर्ध्यावर आला, बरगड्यांत कळ गेली, आणि तो तोंडावर पांघरूण ओढून रडला.

गोळी बंद झाली. काळीज ताळ्यावर आलं तर कमी डोस देऊन पाहू, नाहीतर दुसरं काही शोधू. खात्री नाही, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं. ठरल्या दिवशी आम्ही पुन्हा गेलो. आलेखाच्या खोलीतून पुकारा झाला, "दत्ताराम तांडेल!" सवयीने सहदेवच उठला, शर्टाच्या गुंडीला हातही गेला.

दत्तारामने त्याचा दंड धरला. मला वाटलं, आता इथेच आपटतो. त्याने सहदेवला हळूच बाकावर बसवलं आणि कागद काढून घेतला.

"बस हंय," तो म्हणाला. "माझ्या दोरार मीच रवतलंय."

आणि बरगड्यांवर हात दाबून तो आत गेला.