आवणीची सुट्टी

अंबडच्या कारखान्यात कोंडाजीइतका सुखी कामगार दुसरा नव्हता. निदान कोंडाजीचं तरी तसं मत होतं. इतरांना दोन दिवसांची रजा काढायची तर साहेबांपुढे आजोबा मारावे लागत. काहींचे तर चार-चार आजोबा होऊन गेले. कोंडाजीला मात्र आषाढात भाताच्या आवणीसाठी, म्हणजे रोपं लावायला, घोटीजवळच्या त्याच्या गावी, महिनाभर बिनबोभाट जाता येई. साहेब स्वतःच विचारत, "काय कोंडाजी, चिखल बोलवतोय ना?" आणि एका कागदावर सही घेत. परत आला की दुसऱ्या कागदावर. कागद कसला, हे त्याने कधी विचारलं नाही. तीर्थ घेताना विहीर कुठली म्हणून कोणी विचारतं का? उलट दिवाळीनंतर नव्या इंद्रायणी तांदळाची गोणी तो साहेबांच्या घरी पोचती करी.

अशी सतरा वर्षं गेली आणि कंपनीने त्याला साठीची शाल पांघरून निरोप दिला. गावी भागुबाईचा, म्हणजे त्याच्या बायकोचा, गुडघा पार कामातून गेला होता. डॉक्टरने ऑपरेशन सांगितलं होतं. "ग्रॅच्युइटी येऊ दे, मग बघ कशी पळतीस," असं कोंडाजी तिला सांगून ठेवून आला होता.

ऑफिसातल्या पल्लवीने कॉम्प्युटरमध्ये पाहिलं. मग पुन्हा पाहिलं.

"काका, तुमची नोकरी अकरा महिन्यांचीच दिसतेय."

"ताई, सतरा वर्सं हाय. गेटवरच्या वॉचमनला इचारा, त्यो माझ्यामागून आला."

"सलग पाच वर्षं लागतात हो. तुम्ही दर आषाढात राजीनामा दिलाय. सह्या तुमच्याच आहेत."

"ती तर सुट्टी व्हती."

"सुट्टीचा अर्ज असता, तर नोकरी तुटली नसती."

"मंग साहेबांना सांगा की. लय चांगला मानूस."

"ते गेल्या वर्षी रिटायर झाले, काका."

"त्यांना भेटली का ग्रॅच्युइटी?"

पल्लवीने पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. युनियनचा माणूस म्हणाला, लढता येईल, पण वर्षं जातील, आणि सह्यांचं काय करायचं? कोंडाजी घोटीच्या गाडीत बसला.

भागुबाईने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हंजी आवणीला आलं नसतं, तर भेटली असती?"

"तसंच म्हनत्यात."

"मी दर सालाला म्हनायची, नका येऊ, बाया लावते."

"घरचा मानूस नको व्हय आवणीला?"

"घरच्या मानसानं लावलेलं निम्मं रोप दुसऱ्या दिवशी पान्यावर तरंगायचं. तुमी पाठ फिरवली की मीच वाकून पुन्ना लावायची."

हे त्याला आजच कळत होतं. "मंग बोलली का नाय कवा?"

"एवढ्या हौसेनं यायचं तुमी."

ती भिंत धरून चहा ठेवायला उठू लागली. "बस, मी ठेवतो," म्हणत कोंडाजी चुलीपाशी गेला. फळीवरचे डबे त्याने एकेक उघडून पाहिले. तिखट निघालं, हळद निघाली, डाळ निघाली. साखर काही सापडेना.

शेवटी भागुबाईच उठली.