एक स्पीकर सोप्यात, एक सैपाकघरात

आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, गेल्या आणि आष्ट्याच्या घरात मी आणि मामंजी असे दोघंच उरलो. माझे मालक फौजेत होते. तेराव्यापर्यंत थांबले आणि रजा संपली तसे परत गेले. माझं माहेर सातारा, लग्नाला फार दिवस झाले नव्हते. सासऱ्यांशी माझं बोलणं म्हणजे चहा झालाय, पान वाढलंय, एवढंच. बाकीचं सगळं आत्याबाईंच्या मार्फत चालायचं.

मला रडू आलं नाही. येईल असं वाटत होतं, पण भाकरी थापायचे, धुणं धुवायचे, हात आपले चालत राहायचे. मामंजीही सकाळी उसाकडे जायचे आणि परत येऊन पुढच्या सोप्यातल्या खुर्चीत बसायचे. कुणी भेटायला आलं तर पावसापाण्याचं बोलायचे.

मग एक दिवस त्यांनी स्टिरिओचा विषय काढला.

तो मालकांनी बदली झालेल्या एका साहेबाकडून घेतला होता. रेकॉर्ड प्लेअर, अँप्लिफायर आणि लाकडी पेट्यांतले दोन स्पीकर. आला तेव्हा मामंजींनी एक स्पीकर सोप्यात ठेवला आणि दुसरा, लांब वायर ओढून, सैपाकघरातल्या फळीवर. सोप्यात सदा पुरुषमाणसं बसलेली, तिथं आत्याबाई कशा येऊन बसणार? "तिला बी ऐकू दे," असं ते तेव्हा म्हणाले होते.

आता आवाज फाटायला लागला होता. सूर वर गेला की घरघर यायची.

"समदं एकदम बदलता यायचं न्हाई," मामंजी म्हणाले. "आधी काय बदलावं?"

मला वाटलं स्वतःशीच बोलताहेत. वर बघितलं तर माझ्याकडेच बघत होते. मी म्हटलं, स्पीकर. आवाज तिथूनच येतो, म्हणून. ते म्हणाले, अँप्लिफायर असावा, फार तापतो. पुढे कितीतरी दिवस आम्ही हेच बोलत होतो. चहाच्या वेळी बोलायचो, जेवताना बोलायचो. त्यांचं मत फिरायचं, मग माझं फिरायचं. खरं म्हणजे मला काहीही चाललं असतं. पण त्यांनी विचारलं की उत्तर द्यायचं, आणि उत्तर देताना दुसरं काही बोलावं लागायचं नाही.

शेवटी आम्ही एस. टी. ने सांगलीला गेलो. दुकानदार बोलका होता. काय काय आहे, किती जुनं आहे, सगळं त्यानं विचारून घेतलं. मग म्हणाला, "दोन्ही स्पीकर कसे ठेवलेत?"

"एक सोप्यात, एक सैपाकघरात."

"मग काका, तुम्ही स्टिरिओ अजून ऐकलाच नाही."

त्यानं एक रेकॉर्ड लावली. आमच्याकडेही तीच होती. एक बटण त्यानं एका अंगाला फिरवलं, तर एका स्पीकरमधून नुसता गाणारीचा आवाज आला. दुसऱ्या अंगाला फिरवलं, तर दुसऱ्या स्पीकरमधून व्हायोलिन आणि तबला, मागं कुठंतरी तिची बारीकशी चाहूल. जुन्या रेकॉर्डींचं असं नसतं, तो म्हणाला, त्या दोन्हीकडं सारख्याच वाजतात, पण या नव्या अशा निघतात.

मला आठवलं, आत्याबाई नव्या गाण्यांतले शब्द कधी गुणगुणत नसत. दोन कडव्यांमधलं वाजवणं तेवढं गुणगुणायच्या. मला वाटायचं, त्यांना तेच आवडतं.

मामंजी दुकानदाराला म्हणाले, "त्यो व्हायोलिनचा भाग परत लावा." त्यानं लावला. गाणं संपेपर्यंत मामंजी उभ्यानं ऐकत होते.

दुकानदाराचं म्हणणं असं की सध्या सुई बदला, ती झिजलीय, आणि दोन्ही स्पीकर एका खोलीत आणा. बाकीचं मग बघू. आम्ही सुई घेतली. परतीच्या गाडीत मामंजी खिडकीशी बसले होते. नदी ओलांडल्यावर म्हणाले, "ती कवा बोलली न्हाई."

"त्यांना तरी कुठं ठावं असणार, मामंजी."



दुसऱ्या दिवशी त्यांनी सुई बसवली. घरघर गेली. मग सैपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "ह्यो काढू का?" माझ्या हाताला पीठ होतं. मी म्हटलं, काढा. त्यांनी स्पीकर उतरवला, फोडणीच्या वाफांनी चिकट झालेलं जाळीचं कापड ओल्या फडक्यानं पुसलं आणि तो सोप्यात, दुसऱ्या स्पीकरपासून चार हातांवर मांडला. समोर दोन खुर्च्या ठेवल्या. मला म्हणाले, "बस, पोरी."

त्यांच्यासमोर मी कधी खुर्चीवर बसले नव्हते. बसले. त्यांनी तीच रेकॉर्ड लावली. गाणारी एका बाजूला होती, वाद्यं दुसऱ्या बाजूला, आणि आमच्यापर्यंत येईतो सगळं एक होत होतं. आवाज स्वच्छ होता. मी काहीतरी वाटायची वाट बघत राहिले.

"कसं वाटतंय?"

"चांगलं हाय."

"व्हय," ते म्हणाले. "लय चांगलं हाय."

दिवाळीनंतर मालक रजेवर आले. सुई झाली, आता पुढं काय बदलायचं, असं त्यांनी वडिलांना विचारलं. मामंजी म्हणाले, "तिला इचार. तिला कळतं त्यातलं." दोघं माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, अँप्लिफायर. काहीतरी सांगायला हवं होतं.

नवा अँप्लिफायर आला. तो तापायचा नाही. मालक परत गेल्यावर दुपारी मामंजी रेकॉर्ड लावायचे आणि मला हाक मारायचे, मीही हातातलं ठेवून जायची. एकदा बाजू संपली तरी ते उठले नाहीत. बघते तर खुर्चीतच डोळा लागला होता. रेकॉर्ड नुसतीच फिरत होती. मी सुई अलगद उचलून ठेवली आणि तिथंच, शेजारच्या खुर्चीत, बसून राहिले.